फुटलेल्या फायबर होडीचा तळ घरच्या घरी दुरुस्त करताना

फायबरच्या होडीला भोक पडलं की पहिला प्रश्न येतो, 'रेझिन (काचेच्या धाग्यांना धरून कडक होणारा चिकट द्रव) किती आणू?' त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. होडी साच्यात घडत होती तेव्हा तिचे बरेचसे थर ओले असतानाच एकमेकांत मुरले. आता ते रेझिन वर्षानुवर्षं वाळून कडक झालंय. तुम्ही लावाल तो नवा थर त्यात मुरणार नाही, वरून फक्त चिकटेल. त्यामुळे ठिगळ किती जाड आहे यापेक्षा त्याच्याखालची जागा किती रुंद, किती खरखरीत आणि किती कोरडी आहे, यावर सगळं अवलंबून असतं. कामाचा बराचसा वेळ रेझिनचा डबा उघडण्याआधीच जातो, आणि तो जायलाच हवा.

इथे ४ ते ७ मीटर लांबीची, एकसंध फायबरच्या तळाची होडी धरली आहे. अशा तळाची जाडी साधारण ५ ते ८ मिमी असते. तळाच्या दोन थरांमध्ये प्लायवूड, बाल्सा किंवा फोम भरलेला असेल, किंवा ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या उभ्या पाटीच्या) आतलं लाकूड कुजलं असेल, तर काम वेगळं आणि मोठं आहे. शंका असेल तर आतल्या बाजूने ३ मिमीच्या ड्रिलने जरा आत भोक पाडून बघा. भुशासारखा काळपट, ओला चुरा बाहेर आला तर गाभा कुजलाय. तो काढल्याशिवाय वरून ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

नुकसान कुठवर गेलंय?

बाहेरून तळहाताएवढं दिसणारं भोक आत दुप्पट पसरलेलं असू शकतं. दगडाच्या धक्क्याने तळ आधी आत वाकतो, मग फुटतो. वाकताना आजूबाजूचे थर एकमेकांपासून सुटतात, पण जेलकोट (सगळ्यांत बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर) जागेवर राहिल्यामुळे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन भोकापासून बाहेरच्या दिशेने, दोन-दोन सेंटिमीटरवर हलकेच ठोकत जा. शाबूत भाग खणखणीत वाजतो. थर सुटलेला भाग फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा आणि सगळीकडून खुणा जोडा. दुरुस्तीची खरी हद्द ती रेषा.

मग आतून बघा. आतून रंग नसेल तर फायबर थोडं पारदर्शक दिसतं, आणि मार लागलेल्या जागी ते दुधाळ पांढरं पडतं. तो पांढरेपणा म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन एकमेकांपासून सुटले आहेत. जवळची आडवी-उभी फासळी तळाला जिथे जोडली आहे तो सांधाही नखाने खरवडून बघा. धक्का बसल्यावर अनेकदा तळ टिकतो आणि फासळीचा सांधा उघडतो. तो तसाच राहिला तर तळ त्या जागी लाटेगणिक धपधपतो आणि नवं ठिगळ काही महिन्यांत कडेने सुटतं.

चिरांचा आकारही वाचता येतो. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या फुटलेल्या चिरा म्हणजे तिथे काहीतरी आपटलं. फासळीला समांतर धावणाऱ्या चिरा म्हणजे तळ तिथे सारखा वाकतोय. अशी चीर नुसती भरली तर परत उघडते, आतून एक-दोन थरांची बळकटी द्यावीच लागते. केसासारख्या बारीक, कुठेही पसरलेल्या चिरा मात्र बहुतेक वेळा फक्त जेलकोटच्या असतात आणि त्यांची एवढी घाई नसते.

आधी कोरडं करा

होडी उलटी करा किंवा दुरुस्तीची जागा शक्यतो वरच्या बाजूला येईल अशी तिरकी टेकवा. डोक्यावर रेझिन लावणं नवख्या माणसाचं काम नाही, ते निम्मं हातावर आणि मानेवर येतं.

फुटलेली जागा गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे खारवलेले धागे उन्हात कितीही ठेवले तरी आतून ओलसरच राहतात. धुऊन झाल्यावर लोंबणारे, सुटलेले तुकडे पक्कडीने ओढून काढा म्हणजे हवा आत जाईल, आणि पावसापासून आडोसा करून वाळू द्या. चांगल्या कोरड्या हवेत आठवडा, दमट हवेत त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हॅलोजन दिवा किंवा हीटर लावायचा तर फायबर हाताला सोसेल इतकंच तापू द्या. हात ठेववत नाही इतकी जागा तापली तर दिवा लांब करा.

वाळलं का हे बघायला ३० सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक त्या जागी ठेवून चारी कडा टेपने बंद करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतून वाफ धरली तर अजून थांबा. ओल्या जागेवर पॉलिएस्टर नीट वाळत नाही, धागे आणि रेझिन यांची पकडच बसत नाही.

तळावर फोड आले असतील तर त्यातला एखादा फोडून बघा (डोळ्यांवर चष्मा हवाच, आतला द्रव दाबाने उडतो). व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी जेलकोटमधून झिरपून आत साठलंय. असे फोड पूर्ण खरवडून, वारंवार धुऊन, नेहमीपेक्षा जास्त दिवस वाळवावे लागतात.

कोणतं रेझिन

तीन पर्याय असतात. पॉलिएस्टर स्वस्त आणि लवकर वाळणारं. बहुतेक जुन्या होड्या त्याच्याच आहेत. व्हिनाइलएस्टर जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं आणि पाणी कमी शोषतं. इपॉक्सी सगळ्यांत चांगलं चिकटतं, पण महाग आहे, आणि त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने बसत नाही. इपॉक्सी वापरलं की वर रंगच द्यायचा असं ठरवून टाका. उलट क्रम चालतो, म्हणजे जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी मजेत बसतं.

आमचं मत असं: पाण्याच्या रेषेखाली, आणि कड फार रुंद घासता येत नसेल तर इपॉक्सी. जागा ऐसपैस असेल आणि जेलकोटच हवा असेल तर व्हिनाइलएस्टर किंवा आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर. पाण्याच्या वरच्या भागाला साधं पॉलिएस्टर पुरतं.

इपॉक्सी घेणाऱ्यांनी मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) विकत घेताना सावध राहायला हवं. साध्या चॉप्ड मॅटमधले धाग्यांचे तुकडे एका चिकट भुकटीने धरलेले असतात. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन (उग्र वासाचं द्रावक) ती विरघळवतं आणि मॅट मऊ होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते आणि कोपऱ्यातून उचलते. इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

इथून पुढची मापं पॉलिएस्टर आणि व्हिनाइलएस्टरसाठी आहेत. इपॉक्सीचं रेझिन आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) यांचं प्रमाण डब्यावर असतं तेच, तसूभरही न बदलता. लवकर वाळावं म्हणून त्यात हार्डनर वाढवलं तर ते कायमचं मऊ राहतं.

किती सामान लागतं

उदाहरण घेऊ. सुटलेला भाग कापल्यावर १५० × १०० मिमीचं भोक, तळाची जाडी ६ मिमी. कड जाडीच्या बारा पट रुंद उतरती घासायची असते, म्हणजे चारी बाजूंनी ७२ मिमी. सर्वांत मोठा थर साधारण २९० × २४० मिमी होतो.

४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या मॅटचा एक थर वाळल्यावर सुमारे १ मिमी जाड होतो, ६०० ग्रॅमच्या विणलेल्या रोव्हिंगचा (काचेच्या जाड धाग्यांच्या कापडाचा) सुमारे पाऊण मिमी. मॅट, मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट अशा सहा थरांत साडेपाच मिमी भरतात आणि उरलेला अर्धा मिमी जेलकोटला राहतो. जुन्या पृष्ठभागाला लागून नेहमी मॅट हवी, आणि दोन रोव्हिंगच्या मधे मॅट हवीच. रोव्हिंगवर रोव्हिंग ठेवलं तर उंचवट्यांच्या मधे नुसतं रेझिन साठतं आणि थर तिथूनच सुटतात.

मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण वजनाइतकंच. वरच्या उदाहरणात बाहेरच्या सहा थरांना मिळून २१० ग्रॅम, आतून बळकटीच्या दोन मॅटना आणखी १८० ग्रॅम, शिवाय ब्रश-रोलरवर राहणारं आणि वाया जाणारं. एकूण अर्धा किलो. एक किलोचा डबा घ्या, लांबीला (खड्डे भरायच्या घट्ट पुट्टीला) आणि चाचणीला उरेल. मॅट अर्धा चौरस मीटर, रोव्हिंग पाव चौरस मीटर. जेलकोट १५० ग्रॅम पुरे. याशिवाय ॲसिटोन, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज, कागदी किंवा पॉलिथिनचे कप (थर्मोकोलचा कप रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो), केस न गळणारे स्वस्त ब्रश, आणि खाचांचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रोलर. हा रोलर नवखे लोक हमखास टाळतात, पण थरातली हवा ब्रशने निघत नाही.

हे वाचल्याशिवाय डबा उघडू नका

पॉलिएस्टरचं हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड). डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. बंद चष्मा घाला आणि जवळ पाण्याची सोय ठेवा. गेलंच तर लगेच, किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

काही रेझिनबरोबर कोबाल्ट (वाळण्याचा वेग वाढवणारं द्रावण) वेगळं देतात. कोबाल्ट आणि एमईकेपी यांची थेट गाठ कधीही पडू देऊ नका, दोन्ही एकत्र आले की भडका किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच एमईकेपी घालायचं. दोन्हीला एकच सिरिंज वापरायची नाही. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. नवख्यांसाठी तेच बरं.

रेझिनचं स्टायरीन आणि ॲसिटोन दोन्ही पेटतात. काम उघड्यावर किंवा वारा खेळेल अशा शेडमध्ये करा, आसपास ठिणगी नको. ग्राइंडिंग आणि ॲसिटोन एकाच वेळी चालू नकोत. वासासाठी सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क, भुकटीसाठी धुळीचा मास्क. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. काचेची कुसळं अंगाला रुतली तर आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने आणि चोळण्याने ती आणखी आत जातात.

कापणं आणि घासणं

पहिलं काम ॲसिटोनने पुसण्याचं. घासण्याआधी, नंतर नव्हे. तळावर मेण, तेल, डिझेलचा ओशटपणा असतोच. तसंच घासायला घेतलं तर तो डिस्कबरोबर फायबरच्या छिद्रांत जातो आणि मग निघत नाही. स्वच्छ फडकं भिजवून एकाच दिशेने पुसा, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा, आणि फडकी सारखी बदला.

मग खडूच्या रेषेवरून करवतीने किंवा कटिंग डिस्कने सुटलेला भाग कापून काढा. कोपरे गोल ठेवा, भोक अंडाकृती झालं तर उत्तम. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. इथे हात आखडता घेण्याचा मोह होतो, 'एवढं चांगलं दिसतंय ते का कापायचं?' बद्द वाजणारा तुकडा मागे ठेवलात तर नवं ठिगळ मोडक्या थरावरच उभं राहील.

आता उतार. कडेपासून ७२ मिमीवर बाहेरची रेषा काढा. ग्राइंडरला मऊ रबरी पॅड आणि ३६ किंवा ४० नंबरची डिस्क लावून त्या रेषेपासून भोकाकडे एकसारखा उतार घासत या, म्हणजे भोकाच्या काठाशी फायबर जवळजवळ धारेइतकं पातळ होईल. ग्राइंडर पूर्ण आडवा टेकवू नका, थोडा तिरका धरून सारखा हलता ठेवा, एका जागी थांबला की क्षणात खड्डा पडतो. उतार बरोबर जमतोय हे जुने थरच सांगतात: एकेक थर उघडा पडताना नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वळणं दिसू लागतात. ती सारख्या अंतरावर असली तर उतार सारखा. कुठे दाटली तर तिथे उतार खडा आहे, अजून घासा.

पाण्याच्या वर, कमी ताणाच्या जागी आठपट उतार चालून जातो. तळाला बारापटीखाली येऊ नका.

घासलेला पृष्ठभाग मळकट, निस्तेज आणि हाताला खरखरीत लागला पाहिजे. कुठेही चमक दिसली तर तिथे जुना गुळगुळीत थर शिल्लक आहे. भुकटी व्हॅक्यूमने ओढा किंवा कोरड्या ब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात तेल आणि पाणी असतं. यानंतर उघडा हात लावायचा नाही आणि शक्यतो त्याच दिवशी पहिला थर टाकायचा.

पाठीमागे आधार

ओली मॅट भोकात लोंबू नये म्हणून आतून फळी हवी. लवचिक सनमायका किंवा पातळ प्लायवूडचा भोकापेक्षा मोठा तुकडा घ्या, त्यावर पॅकिंगची तपकिरी प्लास्टिक टेप सलग लावा आणि मेणाचा हात फिरवा, म्हणजे रेझिन चिकटणार नाही. तो आतून होडीच्या गोलाईला धरून टेकू लावून घट्ट बसवा. फळी सपाट राहिली आणि तळ गोल असला तर ठिगळ सपाट होतं आणि उन्हात लांबूनही ओळखू येतं.

आतून हात पोचत नसेल तर पुढचा उपाय. तपकिरी टेप लावलेल्या फळीवर दोन मॅटचा पातळ पत्रा आधी तयार करून वाळवा. तो भोकापेक्षा सगळीकडून ३० मिमी मोठा, अंडाकृती कापा. आत सरकवता येईल असा लांबुळका आकार हवा. मधे दोन बारीक भोकं पाडून तार ओवा. भोकाच्या आतल्या कडा पॉलिश पेपर हाताने आत घालून जमेल तितक्या घासा, पत्र्याच्या काठावर घट्ट लांबी लावा, तिरका करून आत घाला, तार ओढून भोकावर आडव्या ठेवलेल्या काठीला पिळा. वाळल्यावर तार कापून टाका. हा पत्रा कायमचा आतच राहतो.

थर टाकणं

सगळे तुकडे आधी कापून क्रमाने मांडून ठेवा. पहिला २९० × २४० मिमी, पुढचा प्रत्येक लांबी-रुंदीत २५ मिमी कमी, शेवटचा साधारण १६५ × ११५. मोठा आधी, लहान नंतर. याबद्दल कारागिरांत दोन मतं आहेत आणि उलट क्रमाने केलेल्या दुरुस्त्याही टिकतात. तरी मोठा आधी टाकला की पहिला अखंड थर पूर्ण उतारावर जुन्या फायबरला धरतो, आणि शेवटी वरून घासताना तो कापला जात नाही.

हवा १८ ते २५ अंशांची सर्वांत सोयीची. १५ च्या खाली काम रेंगाळतं, ३० च्या वर हात चालवेपर्यंत कपात दगड होतो. थेट उन्हात थर टाकू नका.

एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. २५ अंशांना १ टक्का एमईकेपी, म्हणजे २ ग्रॅम, सिरिंजने साधारण १.८ मिली. थंडीत २ टक्क्यांपर्यंत जा. १ टक्क्याच्या खाली गेलं तर रेझिन कधीच पूर्ण वाळत नाही. २ च्या वर गेलं तर तापून ठिसूळ होतं. कपाच्या तळाशी आणि कडेला न मिसळलेलं राहतं, म्हणून कड खरवडत मिनिटभर सावकाश ढवळा. व्हिनाइलएस्टरमध्ये साध्या एमईकेपीने फेस येऊ शकतो, त्याच्यासाठीचं हार्डनर विक्रेत्याकडून घ्या. कामाच्या आधी ५० ग्रॅमचा चाचणीचा कप करून घड्याळ लावा. साधारण १५ ते २५ मिनिटांत तो जेलीसारखा होईल. तोच तुमच्या हातातला वेळ.

आधी घासलेल्या सगळ्या उतारावर नुसत्या रेझिनचा हात फिरवा. त्यावर पहिली मॅट ठेवा आणि ब्रशने ठोकत भिजवा, ओढत नेऊ नका. ओढलं की मॅटचे धागे ब्रशबरोबर गोळा होतात. मिनिटभर थांबलात की मॅट आपोआप मऊ पडते. मग रोलर मधून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने. पांढरे ठिपके म्हणजे हवा किंवा कोरडे धागे, ते दिसेनासे होईपर्यंत फिरवा. थर पारदर्शक दिसला, धाग्यांची नक्षी वर दिसत राहिली, पण रेझिनचं डबकं कुठे साचलं नाही, तर प्रमाण बरोबर आहे. बळ काचेच्या धाग्यांत असतं. जास्तीचं रेझिन नुसतं वजन आणि ठिसूळपणा वाढवतं.

एका दमात तीन थरच टाका. रेझिन वाळताना तापतं, आणि जाड थर एकदम टाकला तर उष्णता बाहेर पडत नाही: रंग पिवळा-तपकिरी होतो, थर आक्रसतो, चिरा पडतात, कधी धूरही येतो. पहिले तीन थर घट्ट होऊन परत गार झाले की पुढचे तीन. त्याच दिवशी केलं तर वरचा चिकटपणा तसाच राहू द्या, त्यावर पुढचा थर उलट जास्त चांगला धरतो. दुसऱ्या दिवसावर गेलं तर ८० नंबरने घासून, भुकटी काढून मग पुढे जा.

कपात उरलेलं रेझिन धोकादायक असतं. ढिगात ते इतकं तापतं की कचऱ्याची पेटी पेटवू शकतं. कप उघड्यावर, ज्वलनशील काही नसेल अशा जागी ठेवा, पूर्ण गार झाल्यावरच टाका.

आतली बाजू

बाहेरचं वाळल्यावर फळी काढा. आतून भोकाच्या चारी बाजूंनी १०० मिमी ४० नंबरने घासा, रंग आणि मळ पूर्ण काढा. पहिली मॅट ३०० × २५०, दुसरी ३५० × ३००. फासळीचा सांधा उघडला असेल तर तोही घासा. कोपऱ्यात आधी लांबीची गोलाई द्या, साधारण बोटाच्या टोकाएवढ्या त्रिज्येची, कारण काटकोनात मॅट बसत नाही, मागे पोकळी राहते. त्यावर फासळी आणि तळ या दोन्हींवर कमीत कमी ७५ मिमी चढतील असे मॅटचे दोन थर टाका.

लांबी आणि जेलकोट

गाडीच्या पत्र्याची तयार लांबी पाण्याखाली वापरू नका. तिच्यात टाल्क असतं, ते पाणी शोषतं आणि वर्षभरात वरचा रंग फुगतो. कामाच्याच रेझिनमध्ये कोलॉइडल सिलिका (रेझिन दाट करणारी हलकी पांढरी भुकटी) लोण्याइतकं घट्ट होईपर्यंत मिसळा, मग हार्डनर घालून पात्याने भरा. वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पेपर गुंडाळून घासा. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या मधे उंचवटे राहतात. शेवटी जागा आजूबाजूपेक्षा अर्धा मिमी खाली राहू द्या.

जेलकोटची जाडी अर्धा मिमी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६०० ग्रॅम. दोन हातांत द्या. पॉलिएस्टर हवेशी लागलेल्या बाजूने चिकट राहतं, म्हणून फक्त शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळतात. ते वर येऊन हवा अडवतं. पहिल्याच हातात घातलं तर दुसरा हात धरत नाही. रंग जुळवताना आधी जुना जेलकोट पॉलिश करून खरा रंग बघा. उन्हाने विटलेल्या रंगाशी जुळवलं तर पुढे होडी पॉलिश केल्यावर ठिगळ वेगळं दिसतं. घासणं २२० पासून ४००, ६००, ८०० असं पाण्याबरोबर. तळाला इतका गुळगुळीतपणा लागतोच असं नाही.

होडी पाण्यातच नांगरून राहत असेल तर दुरुस्तीवर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, मग शेवाळ रोखणारा रंग. रोज किनाऱ्यावर ओढली जाणारी होडी असेल तर हे सोडून द्या, घर्षणाने निघूनच जाईल.

झिजलेली कील

वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीचं हे ठरलेलं दुखणं. कीलच्या (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या कण्याच्या) धारेवरचा जेलकोट जातो, धागे उघडे पडतात आणि पाणी तिथून आत चढतं. दोन्ही बाजूंनी १२० मिमी घासा, वाळवा, धार किमान १० मिमी त्रिज्येची गोल करा. मग ४५० च्या मॅटच्या २००, १५० आणि १०० मिमी रुंद पट्ट्या याच क्रमाने. वर झिजण्यासाठी म्हणून रबर, एचडीपीई (कडक प्लास्टिक) किंवा स्टीलची अर्धगोल पट्टी लावा. स्क्रूची भोकं जरा मोठी पाडा, इपॉक्सीने भरून वाळवा, परत बारीक पाडा, आणि स्क्रू पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवा. थेट फायबरमध्ये फिरवलेला प्रत्येक स्क्रू पाण्याला आतली वाट असतो.

बिघडतं कुठे

दुसऱ्या दिवशीही ठिगळ चिकट आहे: नख रुतवून बघा. वरचा पापुद्राच चिकट आणि खाली कडक असेल तर हवेमुळे झालंय, ॲसिटोनने पुसून घासलं की संपलं. नख आत रुतत असेल तर हार्डनर कमी पडलंय किंवा थंडी होती. दिव्याने ऊब देऊन एक दिवस वाट बघा. तरी मऊ असेल तर सगळं खरवडून परत करा. त्यावर कडक थर टाकून झाकलेलं मऊ रेझिन तसंच राहतं.

वाळल्यावर आत पांढरा बुडबुडा दिसला: रुपयाच्या नाण्याएवढा किंवा मोठा असेल तर तेवढा भाग घासून उघडा आणि मॅटचा तुकडा टाका. राईएवढे असतील तर लांबीने भागतं.

काही आठवड्यांनी ठिगळाची कड उमटली: रेझिन पूर्ण आक्रसायच्या आत जेलकोट दिला. बळाला धोका नाही, परत घासून सारखं करता येतं. टाळायचं असेल तर थर आणि जेलकोट यांच्यात चार-पाच दिवस जाऊ द्या.

कडेने केसाएवढी चीर आली आणि ठोकल्यावर बद्द वाजतं: ठिगळ सुटतंय. उतार खडा होता, ओल होती किंवा चमक राहिली होती. वरून काही लावून ते परत धरणार नाही, काढूनच करावं लागेल.

२५ अंशांच्या हवेत शेवटच्या थरानंतर आठवडाभर होडी पाण्यात घालू नका, थंडीत दोन आठवडे. घालण्याआधी जमिनीवरच होडी सरळ टेकवून दुरुस्तीच्या जागी आतून चार-पाच बोटं पाणी ठेवा आणि खालून कोरडा कागद लावून रात्रभर बघा. होडी काठोकाठ भरू नका, पाण्याच्या वजनाने टेकूवरचा तळ वाकतो. कागद कोरडा निघाला तर पहिल्या फेरीला इंजिन सावकाश चालवून काठाजवळच राहा, आणि परत आल्यावर नाणं घेऊन ठिगळाच्या कडेने एकदा पुन्हा ठोकून बघा.